वरचे खाली, खालचे वर

उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी भाऊ दारावर दोनदा बोटानं टकटक करत. आत माणूस नसे. आत पांढरे उंदीर, पिंजऱ्यांची तीन कप्प्यांची मांडणी आणि छताला एक ट्यूबलाइट. टकटक करून ते क्षणभर थांबत, "येऊन राहिलो बाप्पा," म्हणत आणि मग दार उघडत.

पहिल्या दिवशी मला हसू आलं. माझ्याकडे वळूनही न पाहता त्यांनी सांगितलं की दचकलेला उंदीर दिवसभर खात नाही, आणि मग संध्याकाळी वजन घेताना तूच म्हणशील की औषधानं वजन घटलं. मी हसणं थांबवलं. पण खरं सांगते, तेव्हा पटलं नव्हतं. मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटला होता.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. प्रत्येक मोठ्या संस्थेत एखादं असतं. दारावर पाटी नाही, नावापुढं पदवी नाही, बसायला स्वतःची खुर्चीही नाही, पण ते रजेवर गेलं की साहेब लोकांना वस्तू सापडत नाहीत.

त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्या घराबद्दल सांगावं लागेल, कारण आमची ओळख तिथूनच सुरू झाली. सिन्नरला आमची एक खोली होती. वडील हमाली करायचे. पाठ गेल्यावर ते घरी बसले, आणि घर आईच्या बोटांवर आलं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. शाळेतून आले की मी पत्र्याचा फर्मा ठेवून पानं कापायला बसायची. कारखान्यातला मुकादम आईच्या मालातून मूठभर विड्या काढून "छाट" म्हणून बाजूला टाकायचा. त्या विड्यांचं आईला काही मिळायचं नाही, आणि त्या परतही मिळायच्या नाहीत. आई काही बोलायची नाही. बोललं तर दुसऱ्या दिवशी पानं मिळायची नाहीत. आमच्या घरात रात्रंदिवस कोणी ना कोणी खोकत असायचं. माझ्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा आणि बाकावरची मुलगी सरकून बसायची.

त्या खोलीतून मी बारावी झाले, बीएस्सी झाले, एमएस्सी झाले. आमच्या घरात, आमच्या आळीत, माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मग परीक्षा देऊन संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरले. हे मी मिरवते. मिरवण्यासारखंच आहे.

संस्थेत पहिल्या आठवड्यात भाऊंनी विचारलं, "गाव कोणतं व पोरी?"

सिन्नर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ते अंजनगावचे. चाळीस वर्षांपूर्वी इथं नोकरीला लागले ते इथलेच झाले. हिंदी लखनवी झाली होती, पण मराठी बोलायला लागले की थेट अमरावती जिल्हा. त्यांच्या मुलाला मराठी समजायची, पण तो उत्तर हिंदीत द्यायचा. त्यामुळे मी त्यांना सापडले म्हणजे बोलायला घबाडच सापडलं.

"माय काय करते?" त्यांनी विचारलं.

लखनौत या प्रश्नाला "गृहिणी" असं उत्तर द्यायचं मी रेल्वेतच ठरवून आले होते. पण त्यांना खरं सांगितलं. त्यांनी खिशातून डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली आणि ओठामागं ठेवली. "म्हणजे आपला धंदा एकच हाय. तुझी माय वळते, मी चघळतो."

मला ते फार आवडलं. इतकं सहज माझ्या आईचं काम कोणी घेतलं नव्हतं.

संस्थेत सगळे त्यांना भाऊ म्हणत. माझे मार्गदर्शक सर भाऊ म्हणत, सफाईवाली म्हणे, गेटवरचा गार्डही "भाऊ जी" म्हणे. त्यातल्या निम्म्यांना ते त्यांचं नावच वाटत होतं.

आमचं काम काय होतं ते भाऊंनी सांगितलेलं मी सांगते, कारण त्यांच्याइतकं सोपं मला आजही जमत नाही. संस्था पाहायला शाळेची मुलं आली होती. सर पाठ्यपुस्तकातलं बोलत होते आणि मुलं पंख्याकडे बघत होती. सरांना फोन आला, ते बाहेर गेले, आणि भाऊंनी हिंदीत सुरू केलं. कॅन्सरचं एक औषध असतं, ते झोपलेलं असतं. त्यावर लाल उजेड पाडला की जागं होतं आणि आसपासच्या पेशी जाळतं. म्हणून गाठीवर उजेड पाडायचा. पण हे औषध अंगात सोडलं की पायी निघतं, आणि रस्त्यात जिथं जागा मिळेल तिथं बसतं. कातडीत बसतं. मग पेशंट उन्हात गेला की कातडीतलं औषधही जागं होतं आणि माणूस भाजून निघतो. कित्येक दिवस बिचाऱ्याला अंधारात बसावं लागतं. "तो हमारी मॅडम क्या कर रही हैं, दवा को ई-रिक्शा में बिठा रही हैं. सीधे गाँठ के दरवाज़े पर उतरेगी."

ती ई-रिक्षा म्हणजे स्निग्ध पदार्थाचे इतके बारीक गोळे की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. आम्ही त्याला वाहक म्हणायचो. ई-रिक्षा ऐकून सर दारात थबकले, कपाळाला आठ्या. पुढच्याच महिन्यात एका व्याख्यानात त्यांनी स्वतः ई-रिक्षाचं चित्र दाखवलं. भाऊ मागच्या रांगेत उभे होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "किराया मागू का?"

त्यांचं मुख्य काम उंदरांचं. दाणा, पाणी, भुसा, वजन. पण त्यांचे स्वतःचे काही नियम होते आणि ते कुठं लिहिलेले नव्हते. औषधाच्या बाटल्यांना चंदेरी कागद गुंडाळायचा तो दोन पदरी. लेसरचा, म्हणजे गाठींवर लाल उजेड पाडायचा, दिवस असेल त्या दिवशी साबणानं आंघोळ करून यायचं नाही, उंदरांना वास आवडत नाही. आणि रोज सकाळी पिंजऱ्यांची जागा बदलायची. वरच्या कप्प्यातला पिंजरा खाली, खालचा मधे, मधला वर. वर आलेल्या पिंजऱ्याला कपड्यांचा लाल चिमटा लावायचा, म्हणजे उद्या कुणाचा नंबर ते कळतं. हे करताना ते दरवेळी पुटपुटत, "वरचे खाली, खालचे वर. कोणी कायमचं वर नाही न कोणी कायमचं खाली नाही." मला वाटायचं, हेही दार वाजवण्यासारखंच.

ज्या दिवशी प्रयोग संपवून उंदरांना मारायचं असे त्या दिवशी ते एक शब्द बोलत नसत. सगळं झाल्यावर रिकामे पिंजरे स्वतः धूत.

त्यांच्या तोंडाकडे माझं लक्ष गेलं ते बताशांमुळे. आलमबागला मी भाड्याच्या खोलीत राहायची. मेट्रो स्टेशनच्या खाली पाणीपुरीवाला असे. पाणीपुरीला लखनौत पानी के बताशे म्हणतात. एकदा भाऊ तिकडे कामाला आले होते, मी म्हटलं चला. त्यांनी बताशा घेतला आणि द्रोणात फोडून चमच्यानं खाल्ला.

"अख्खा टाका की भाऊ, काय बायकांसारखं," मी म्हटलं.

"दरवाजा लहान झाला व," ते हसत म्हणाले. तोंड उघडून दाखवलं. माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी मावायला हवीत. त्यांचं दीडच बोट मावत होतं. आणि डाव्या गालाच्या आत एक पांढरा डाग होता, त्याची कड लाल.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. मी घाबरले नाही, मी ओळखलं. आमच्या उंदरांच्या गाठी तोंडाच्या कॅन्सरच्याच होत्या. तसल्या डागांची चित्रं माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात होती. मी तिथंच सांगितलं की उद्याच्या उद्या दाखवा. ते म्हणाले, पाह्यतो. असं पाह्यतो पाह्यतो करत त्यांनी पावसाळा काढला. मी रोज विचारायची, ते रोज दुसरं काहीतरी बोलायचे. शेवटी मी विकास नगरला त्यांच्या घरी जाऊन काकूंना सांगितलं. काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि त्यांच्या मुलाला हाक मारली. दुसऱ्या आठवड्यात भाऊ इस्पितळात तुकडा काढून तपासायला गेले. पंधरा दिवसांची रजा.

हे नेमकं माझ्या मोठ्या प्रयोगाच्या वेळी आलं. तीन पिंजरे. एकात नुसतं औषध दिलेले उंदीर, दुसऱ्यात मिठाचं पाणी दिलेले, तिसऱ्यात वाहकातून औषध दिलेले. लेसरनं गाठी जळतात का ते तर पाहायचंच होतं, पण खरा प्रश्न कानांचा होता. उंदराच्या कानाची कातडी पातळ. औषध टोचून उंदीर साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवायचे आणि रोज कानाची जाडी मोजायची. कातडीत औषध बसलं असेल तर कान सुजणार. वाहक थेट गाठीकडे जात असेल तर सुजणार नाहीत. माझा सगळा प्रबंध त्या कानांवर उभा होता, आणि शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती.

जाण्याच्या दिवशी भाऊंनी पिंजरे लावून दिले, चिमटा लावला आणि म्हणाले, "वरचे खाली, खालचे वर. इसरजो नको." मी हो म्हटलं. वरच्या मजल्यावरचा एक माणूस त्यांच्या जागी दाणापाणी करायला येणार होता. त्याला मी दाणा सांगितला, पाणी सांगितलं. पिंजरे फिरवायचं सांगितलं नाही. विसरले असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

पंधरा दिवसांत निकाल आला. नुसतं औषध दिलेल्या उंदरांचे कान जाड, लाल, कडेला काळे पडलेले. वाहकवाल्यांचे कान गुलाबीसुद्धा नाहीत. गाठी मात्र दोन्हीकडे आक्रसलेल्या. सरांनी आकडे दोनदा पाहिले, आणि कधी नव्हे ते माझ्यासाठी चहा मागवला. लिहायला घे म्हणाले, मोठ्या ठिकाणी पाठवू. मी आईला फोन केला आणि म्हटलं, झालं. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, सगळं झालं.

भाऊ सोमवारी आले. गाल सुजलेला, तोंडावर रुमाल. धुलाईच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. मी काही विचारण्याआधी म्हणाले, "तेच निघालं." एवढंच. मग लगेच, "तुझं काय झालं ते सांग."

मी सांगितलं. जरा रंगवूनच सांगितलं, कारण त्या दिवशी त्यांना देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वाहकवाल्या उंदरांचे कान बिलकुल लाल नाहीत, म्हटलं.

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

त्यांनी रुमाल खाली घेतला. इस्पितळात शेजारच्या खाटेवर सीतापूरचा एक माणूस होता, त्याला त्यांनी आमच्या औषधाबद्दल सांगितलं होतं. त्याचं तोंडही तसलंच. मग भाऊंनी विचारलं की माणसाला द्यायला किती वर्षं लागतील. मी खरं सांगितलं की पुष्कळ. "मले माहीत हाय," ते म्हणाले. "तरी इचारलं." पण त्यांचा चेहरा मी पाहिला होता. माझ्या आईनं फोनवर "काय झालं" विचारलं तेव्हा तिच्या आवाजात जी आशा होती, तीच तिथं होती.

मग ते उंदरांना भेटायला आत गेले. मी बाहेर डबे पुसत राहिले. बराच वेळ झाला आणि त्यांनी मला हाक मारली.

ते मांडणीपुढं उभे होते. वरच्या पिंजऱ्याला लाल चिमटा होता.

"हा तू लावला?"

"नाही."

"मी गेलो त्या दिवशी इथंच लावला होता." त्यांनी मधल्या आणि खालच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. "पिंजरे फिरवले नाही काय?"

मला कळायला वेळ लागला असं मी सांगू शकते. पण लागला नाही. लगेच कळलं. नुसतं औषध दिलेला पिंजरा पंधरा दिवस वर होता, ट्यूबलाइटच्या हातभर खाली. वाहकवाला पंधरा दिवस सगळ्यात खाली, दोन कप्प्यांच्या सावलीत. वरच्यांचे कान उजेडानं भाजले होते. खालच्यांना भाजायला उजेडच नव्हता.

मी म्हटलं, एवढ्याशा उंचीनं काय फरक पडतो. त्यांनी वाद घातला नाही. वरच्या कप्प्यात तळहात धरला. त्यावरची रेघन् रेघ दिसत होती. मग खालच्या कप्प्यात धरला. नुसता काळपट पंजा दिसला.

त्यावर मी जे बोलले ते आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. मी म्हटलं, "तुम्ही उंदरांना दाणे घालता, भाऊ. निष्कर्ष काढायला आम्ही आहोत."

"हो न," ते म्हणाले. "दाणे घालतो म्हणूनच माहीत हाय, कोण कुठं राहत होतं."

मला रडू आलं. ते रागाचं होतं. मी म्हटलं, "हे खरं असायला हवं असं तर तुम्हालाच सगळ्यात जास्त वाटायला हवं."

"मलेच वाटते. म्हणून तर सांगून राहिलो." त्यांनी चिमटा काढून खिशात टाकला. "चाक नसलेली रिक्षा बसायले काय कामाची?"

दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. "सरले मी सांगणार नाही. मी सांगितलं तर ते तुझी चोरी होईल. तू सांगितलं तर चूक."

तीन दिवस मी कोणालाच काही सांगितलं नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी लिहायला बसायची. आकडे तर खरे होते. एकही आकडा मी बदलला नव्हता. पिंजरा कोणत्या कप्प्यात होता हे कोणताही परीक्षक विचारत नाही. मार्चनंतर मी कुठं राहणार, काय खाणार, घरी जाऊन काय सांगणार, हे सगळं मी स्वतःला समजावत होते. त्या तीन दिवसांत भाऊ रोज कामावर आले. शस्त्रक्रियेची तारीख लांबची मिळाली होती. भेटले की दाण्याचं बोलत, पाण्याचं बोलत. चौथ्या दिवशी मला आईचा मुकादम आठवला. चांगल्या विडीला छाट म्हणणारा. मी तर छाट विडीला चांगली म्हणत होते. मी उठले आणि सरांच्या खोलीत गेले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कितने लोग जानते हैं?" मी म्हटलं, तीन. ते गप्प. त्या गप्प बसण्यात काय काय होतं ते मला दिसत होतं, कारण माझ्या तीन दिवसांतही तेच होतं. मग ते चष्मा काढून टेबलावर ठेवून खाली गेले. मांडणीच्या खालच्या कप्प्यात त्यांनी हात घातला. भाऊ बाजूला उभे होते. सर त्यांना म्हणाले, "दोबारा करना पड़ेगा." आणि भाऊ म्हणाले, "जी."

दुसऱ्या प्रयोगाचे निम्मे दिवस भाऊंनी पिंजरे फिरवले. त्यांना आता नीट बोलता येत नव्हतं, पातळ खिचडीसुद्धा दुखत होती. तंबाखू सुटली होती. "आता सुटली," म्हणाले आणि स्वतःच हसले. मी सांगितलं की फिरवायचं काम मी करते, तुम्ही घरी थांबा. त्यांनी मानलं नाही. मला उंदीर कसा धरायचा, कान कसा मोजायचा, ते नव्यानं शिकवलं. मला येत होतं. तरी मी शिकले.

मग तारीख आली. डावा जबडा अर्धा काढला, जिभेचा काही भाग काढला, छातीचं मांस तिथं लावलं. नाकातून नळी. मी विकास नगरला जायची तेव्हा काकू मोठ्या सिरिंजनं नळीत डाळीचं पाणी घालत असत. एकदा त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी म्हणत होते, जरा कमी बोलत जा." आणि सिरिंज तशीच हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

भाऊ वहीत लिहून बोलत. पहिल्या भेटीत त्यांनी लिहिलं, "फिरवले?" मी मान हलवली. दर भेटीत तेच लिहीत. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, "दीदी, पापा को थोड़ा आराम करने दीजिए." बरोबर होतं त्याचं. पण भाऊंनी हातानं त्याला गप्प केलं.

निकाल आला त्या दिवशी मी कागद घेऊन गेले. थंडी पडायला लागली होती. ते उन्हात खाटेवर बसले होते. गळ्याच्या उजव्या बाजूला एक नवी गाठ आली होती. ती कशाची हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या मला डोळ्यांनी सांगत होत्या. काय सांगत होत्या ते तुम्हाला कळेल. त्या म्हणत होत्या, चांगलं काहीतरी सांग.

भाऊंनी वहीत लिहिलं, "कान?"

त्या माणसाला खोटं सांगणं किती सोपं होतं. पहिल्या प्रयोगाचे आकडे मला पाठ होते.

"लाल झाले, भाऊ," मी म्हटलं. "सगळ्यांचेच झाले. वाहकवाल्यांचेपण."

त्यांनी पेन्सिल वहीवर ठेवली.

"पण वाहकवाल्यांचे कमी. पहिल्या वेळेसारखं नाही. थोडंच कमी. पण कमी."

त्यांनी हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी एकेक ओळ बोटानं वाचली. इंग्रजी आकडे त्यांना येत होते. मग पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "खरं हाय?"

"खरं आहे. आधी तुम्ही फिरवले, मग मी. एक सकाळ चुकली नाही."

त्यांनी कागदाची घडी केली आणि स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि ऊन पाठीवर घ्यायला पाठ फिरवून बसले. काकू आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, जरा जास्तच मोठा.

गळ्याची गाठ कशालाच जुमानली नाही. जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत ते गेले. फोन सकाळी आला तेव्हा मी संस्थेच्या गेटात होते, तिसरा प्रयोग चालू होता. मी आधी आत जाऊन पिंजरे फिरवले आणि मग विकास नगरला गेले. यात कोणाला काही वाईट दिसलं तर दिसू दे. अग्नी दिला त्या गोमती नदीच्या काठावर धुकं इतकं होतं की पाणी दिसत नव्हतं. सर आले होते, गेटवरचा गार्ड आला होता. सीतापूरचा तो माणूस मात्र आला नव्हता. काकू म्हणाल्या, तो भाऊंच्याही आधी गेला.

शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपली. पुढचे आठ महिने मी आलमबागला मुलांच्या शिकवण्या घेऊन काढले आणि दिवसा संस्थेत विनापगार काम केलं. आईला पुन्हा सांगावं लागलं की झालं नाही, व्हायचं आहे. ती म्हणाली, "मग कर की." तिला वाहक कळत नाही, पण परत वळावी लागलेली विडी कळते.

आमचा निबंध छापून आला. मोठ्या ठिकाणी नाही, मध्यम ठिकाणी. भाऊंचं नाव लेखकांत घालता आलं नाही, तसा नियम नाही म्हणाले. शेवटी आभाराच्या ओळीत आहे, पूर्ण नावानिशी. त्यांची प्रत मी काकूंना दिली. त्यांनी ती इंग्रजी आहे म्हणून उघडली नाही, पण देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली.

मला पीएचडी मिळाली. आमच्या घरात ती पहिली.

आणि औषधाचं विचाराल तर एवढं झालं आहे. आमच्या वाहकातून दिलं की उंदराच्या तोंडाच्या कॅन्सरची गाठ लेसरनं आक्रसते. नुसत्या औषधापेक्षा कान कमी सुजतात. सुजतातच, पण कमी. पिंजरे फिरवून तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच आलं. माणसाला अजून दिलेलं नाही.